घर राखणे आणि घर सोडणे : मराठी साहित्यातील वृद्ध घरमालक आणि कागल परिसर

प्रस्तावना

मराठी साहित्यात वृद्ध माणूस आणि त्याचे घर यांची गाठ वारंवार पडते आणि ती बहुधा शोकांतिकेच्या रूपानेच पडते. वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट'मधील गणपतराव बेलवलकर घर गमावून रस्त्यावर येतात. जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया'तील नाना-नानींचे घर शाबूत असते, पण त्यात जगणे त्यांना अशक्य होते. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी'तील आईला पतीच्या मृत्यूनंतर वाडा तुकड्यातुकड्याने हातचा जाताना पाहावा लागतो. या तिन्ही नाट्यकृतींविषयी विपुल लेखन झाले आहे. तथापि मूल्यांचा ऱ्हास, पिढ्यांतील अंतर आणि एकत्र कुटुंबाचे विघटन या तीन सूत्रांपलीकडे ही चर्चा क्वचितच जाते. उतारवयात माणसाने मोठे घर सांभाळत तेथेच राहावे, की ते सोडून लहान घरात जावे, हा साधा प्रश्न या कृतींच्या तळाशी आहे. साधा आणि व्यवहाराचा असल्यामुळेच तो समीक्षेला दुय्यम वाटत आला असावा.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार कागल परिसर समोर ठेवून केला आहे. कोल्हापूरच्या दक्षिणेस, पुणे-बंगळूर महामार्गालगतचे कागल हे आनंद यादव यांचे जन्मगाव. 'झोंबी', 'नांगरणी', 'घरभिंती' आणि 'काचवेल' या आत्मचरित्राच्या चार खंडांमुळे ते मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोली हे शंकर पाटील यांचे जन्मगाव. ग्रामीण साहित्यातील या दोन महत्त्वाच्या लेखकांच्या परिसरातील माळावर आज कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक क्षेत्र उभे आहे. ('पंचतारांकित' ही मुळात हॉटेलांची मोजपट्टी. बुटीबोरी, शेंद्रा, कुशनूर यांच्याप्रमाणे येथेही ती औद्योगिक क्षेत्राला लावली गेली, आणि परिसरातील माणूस आता 'फाईव्ह स्टारला कामाला आहे' असे विनासंकोच सांगतो.)

या परिसराची निवड केवळ स्थानिक आस्थेपोटी केलेली नाही. वर उल्लेखिलेल्या नाटकांत मुलगा दूर जातो, मुंबईला किंवा अमेरिकेला, आणि घर रिकामे होते. कागल परिसरात कारखाना घराजवळ आला. किर्लोस्कर ऑईल इंजिन्ससारख्या उद्योगांमुळे आणि वस्त्रोद्योगामुळे मुलाला गाव न सोडता पाळीची नोकरी मिळण्याची शक्यता निर्माण झाली. म्हणजे नाटकांचे पहिले गृहीत येथे तितकेसे लागू पडत नाही. तरीही घराचा प्रश्न सुटलेला नाही. मुलगा जवळ असूनही तो उभा राहत असेल, तर त्याचे कारण केवळ अंतरात शोधून चालणार नाही.

बाजेचा प्रवास

घर लहान करणे ही कल्पना पाश्चात्त्य आणि शहरी आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. निवृत्तीनंतर उपनगरातील बंगला विकायचा, दोन खोल्यांची सदनिका घ्यायची आणि उरलेल्या रकमेवर निर्वाह करायचा, हा तिचा रूढ आराखडा. पुण्यातील 'अथश्री'सारखे ज्येष्ठांसाठीचे गृहप्रकल्प याच विचाराशी नाते सांगतात. तथापि कोल्हापूरकडच्या जुन्या घराची रचना नीट पाहिली, तर घर लहान करण्याची एक देशी रीत तेथे पूर्वापार आढळते.

पुढे कट्टा, मग सोपा, आत माजघर, त्याला लागून चूल, मागे परडे आणि एका अंगाला गोठा, अशी या घराची ठेवण. मुलाचे लग्न झाले की आतली खोली नव्या जोडप्याला मिळते आणि वडिलांची बाज सोप्यात येते. नातवंडे मोठी झाली की ती सोप्याच्या कोपऱ्यात सरकते, कधी गोठ्यालगतच्या पडवीत जाते. सासूचे अंथरूण उलट दिशेने, चुलीकडे आणि परड्याकडे जाते. माणूस घर सोडत नाही. त्याच्या वाट्याचे घर मात्र वयानुसार आक्रसत जाते. या प्रवासाला कोणी त्याग म्हटले नाही की अन्यायही म्हटले नाही. ती रीतच होती.

ही रीत टिकून राहिली, कारण बाज हलत असताना मालकी हलत नव्हती. सोप्यात झोपणारा म्हातारा उताऱ्यावर मालकच असे, आणि बैल विकायचा झाला तरी त्याला विचारावे लागे. घराशी माणसाचे नाते तीन पदरांचे असते : मालकी, वास आणि कर्तेपण. वृद्धापकाळी कर्तेपण सुटते. ते सुटावेही. वास आक्रसतो, तेही सोसता येते. मालकी केव्हा आणि कोणत्या अटीवर सोडायची, हाच खरा पेच आहे. ताट देणे आणि पाट देणे यांत लोकव्यवहार जो भेद करतो, तो नेमका याच ठिकाणी. समोरचे ताट दुसऱ्याला देता येते. बसण्याचा पाट दिला की माणूस पंगतीतूनच उठतो. मराठी साहित्याने, आणि त्याहून अधिक मराठी समीक्षेने, हे तीन पदर एकमेकांत मिसळून टाकले आहेत. ते सोडवून पाहिल्यास परिचित कृतींचे अर्थ काहीसे बदलतात.

बेलवलकरांनी काय दिले?

'नटसम्राट' १९७० मध्ये रंगभूमीवर आले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. रंगमंचावरून निवृत्त झालेले बेलवलकर आपली मिळकत मुलगा आणि मुलगी यांच्यात वाटून टाकतात, आणि पुढे दोन्ही घरांतून अपमानित होऊन बाहेर पडतात. घराची याचना करणारे त्यांचे स्वगत मराठी प्रेक्षकाच्या स्मरणात इतके रुजले आहे की, नाटकाची आठवण म्हणजे त्या स्वगताची आठवण असे समीकरणच होऊन बसले आहे. परिणामी नाटकाचा आरंभ मागे पडतो आणि कृतघ्न अपत्ये हाच त्याचा विषय ठरतो.

वस्तुतः नाटकाचा कणा आरंभीच्या वाटपात आहे. शेक्सपिअरचा लिअर राज्य वाटतो तेव्हा राजा ही पदवी आणि शंभर सरदारांचा लवाजमा स्वतःकडे ठेवतो, आणि मुलींकडे आळीपाळीने राहण्याची अट घालतो. अट दुबळी ठरते, पण ती असते. बेलवलकर कसलीही अट घालत नाहीत. त्यांच्या दृष्टीने अट घालणे म्हणजे प्रेमावर संशय घेणे. पतीच्या औदार्यापुढे कावेरीचा व्यवहारी सावधपणा प्रेक्षकाला क्षणभर कोता वाटतो. उत्तरार्धात तोच खरा ठरतो. हे औदार्य मुख्यतः नटाचे आहे. टाळ्यांच्या क्षणी सर्वस्व उधळणे हा त्याचा स्वभावधर्म. घराच्या बाबतीत हा धर्म घातक ठरतो, ही जाणीव शिरवाडकरांच्या रचनेत स्पष्ट आहे. समीक्षेने मात्र बेलवलकरांचे अश्रू पुसण्याच्या भरात त्यांची चूक झाकली.

या चुकीचे स्वरूप नेमके सांगायला हवे. बेलवलकरांनी स्वतंत्र बिऱ्हाड मोडून मुलाकडे राहायला जाणे ही चूक नव्हती. दोन म्हातारी माणसे मुलासुनेच्या घरात, नातीच्या सहवासात राहू लागली, यात गैर काहीच नाही. ठमीच्या सहवासात बेलवलकर खरोखर सुखावतात. राहण्याचा हक्क निश्चित न करता मालकी दिली, ही चूक. त्यांनी ताटाबरोबर पाटही दिला. म्हणूनच शारदेच्या घरातील तक्रारी आणि मुलीच्या घरातील चोरीचा आळ सोसताना त्यांच्याकडे उत्तर नसते. ज्याचे घर आहे त्याला खोकला येतो तेव्हा ते आजारपण असते. ज्याचे घर नाही त्याचा खोकला म्हणजे कटकट.

या संदर्भात शासनाच्या एका सवलतीचा उल्लेख अस्थानी ठरू नये. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले वा नातवंडे यांना बक्षीसपत्राने दिल्यास मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये ठेवले गेले. अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. हेतू चांगला होता. कुटुंबातील हस्तांतर सोपे व्हावे, भांडणे कमी व्हावीत. परंतु बेलवलकरी औदार्य यामुळे स्वस्तही झाले. मृत्युपत्र हवे तेव्हा बदलता येते. बक्षीसपत्र एकदा नोंदवले की ते सहजासहजी मागे घेता येत नाही. हा फरक दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा उमटवणाऱ्या वृद्धाला कोणी समजावून सांगतो काय, हा प्रश्न 'नटसम्राट'च्या प्रत्येक प्रयोगानंतर विचारता येण्यासारखा आहे.

राहूनही न राहणे

दळवींचे 'संध्याछाया' हे सत्तरच्या दशकातील नाटक याच्या नेमके उलट उदाहरण पुरवते. नाना-नानींनी काहीही दिलेले नाही. घर त्यांचे आहे, नोकर आहे, खाण्यापिण्याची ददात नाही. एक मुलगा अमेरिकेत स्थिरावतो, दुसरा देशसेवेत मृत्यू पावतो, आणि दारात येणाऱ्या कोणालाही बोलण्यात गुंतवून ठेवण्याखेरीज त्यांना काही उरत नाही. अखेर दोघे मिळून मृत्यू जवळ करतात. घर राखल्याने वृद्धापकाळ सुरक्षित होतो, असे मानणाऱ्यांनी हे नाटक विसरू नये. मालकी आणि वास दोन्ही अबाधित असताना कर्तेपणाची जागा पूर्ण रिकामी राहिली, तर घर प्रतीक्षालय होते. दळवींनी हे हळुवारपणे दाखवले आहे. थोडे अधिकच हळुवारपणे, असेही म्हणता येईल. नाना-नानींना शेजार का नसावा, त्या मोठ्या घरात एखादे बिऱ्हाड का ठेवू नये, हे प्रश्न नाटक उपस्थित करत नाही. मध्यमवर्गीय घराला परका माणूस सोसत नाही, हे त्याचे न उच्चारलेले गृहीत आहे.

कागल परिसरातील घराला परका माणूस सोसतो, किंबहुना हवा असतो. औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांत कामगारांना खोल्या भाड्याने देणे ही नित्याची बाब झाली आहे. परप्रांतातून किंवा सीमेपलीकडच्या कर्नाटकातील गावांतून आलेला तरुण वरच्या खोलीत राहतो, आणि खाली राहणाऱ्या वृद्ध दांपत्याला महिन्याचे भाडे मिळते. यात गुंतागुंत नाही असे नाही. पाण्यावरून, पाहुण्यांवरून, रात्रपाळी करून आलेल्याच्या दिवसाच्या झोपेवरून कुरबुरी होतातच. पण भाडे मागणारी म्हातारी ही घराची कर्ती असते. तिला महिन्यातून एकदा तरी कोणी दार ठोठावून हिशेब देतो. घराचा वापर लहान होतो, मालकी जागेवर राहते आणि कर्तेपण नव्या रूपात परत येते. नाना-नानींच्या शोकांतिकेवर हा तोडगा आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. त्या शोकांतिकेचे गृहीत मात्र त्यामुळे उघडे पडते.

चिरेबंदी वाडा आणि उघड्या सळ्या

'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' यांच्यासह त्याची त्रिनाट्यधारा झाली. विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांचा हा वाडा. तात्याजींच्या मृत्यूनंतर तेराव्यापर्यंतच्या दिवसांत घडणाऱ्या या नाटकात मोठे घर राखण्याची किंमत कोण मोजतो, हे ज्या निर्ममतेने दिसते, तसे अन्य मराठी नाटकात क्वचितच दिसले असेल. भास्करला वाड्याची प्रतिष्ठा हवी आहे, मुंबईच्या सुधीरला वाटा हवा आहे. राबतो मात्र चंदू, शिक्षणाची आस धरून बसलेली प्रभा मागे पडते, आणि अंथरुणाला खिळलेली दादी आतून वेळ विचारत राहते. तेराव्याच्या खर्चासाठी वाड्याचाच भाग विकण्याची वेळ येते. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत असतो.

या नाटकाकडे सरंजामी व्यवस्थेच्या अस्ताचे चित्रण म्हणून पाहिले गेले, आणि ते यथार्थच आहे. पण घर राखण्याच्या प्रश्नाच्या अंगाने पाहिल्यास त्यातून आणखी एक गोष्ट हाती लागते. मोठे घर राखणे हा एकट्या वृद्धाचा निर्णय नसतो. त्याचा भार घरातील स्त्रिया आणि कमकुवत भाऊ वाहतात. आपण आपल्याच घरात मरणार, असे कर्ता पुरुष अभिमानाने म्हणतो, तेव्हा ते घर झाडणारे, सारवणारे, त्यातील पाणी भरणारे हात कोणाचे, हे विचारावे लागते. घर न सोडण्याच्या बाजूने लिहिणारे बहुतेक पुरुष असतात, हा योगायोग नसावा.

येथे कागल परिसर आणि धरणगाव यांच्यातील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. एलकुंचवारांचा वाडा पूर्वजांनी बांधलेला आहे. त्याचे मोठेपण वारशाने आले. औद्योगिक पट्ट्यातील आजचे मोठे घर बहुतेक वेळा वृद्धाने स्वतः, पन्नाशीच्या आसपास बांधलेले असते. भूसंपादनाचा मोबदला, उसाचे बिल, मुलाच्या नोकरीवर काढलेले कर्ज यांतून स्लॅबचे घर उभे राहते. तळमजला स्वतःसाठी, वरचा मजला थोरल्यासाठी, आणि धाकट्यासाठी स्लॅबवर काढून ठेवलेल्या सळ्या. या सळ्या महाराष्ट्राच्या निमशहरी भूगोलाची खूणच बनल्या आहेत. त्यांत एक भविष्य गृहीत धरलेले असते. धाकटा येईल, तिसरा मजला चढेल. प्रत्यक्षात धाकटा पुण्याला जातो, किंवा कारखान्यातच राहून कोल्हापुरात मुलांच्या शाळेजवळ सदनिका घेतो. सळ्या गंजत राहतात. देशपांड्यांच्या ट्रॅक्टरशी त्यांचे साम्य वरवरचे आहे. ट्रॅक्टर म्हणजे नव्या काळाशी जुळवून घेण्याचा फसलेला प्रयत्न. सळ्या म्हणजे बापाने मुलांच्या वतीने, त्यांना न विचारता, केलेला करार.

म्हणून धाकटा जेव्हा सदनिकेच्या पहिल्या हप्त्यासाठी गावातील घर विकण्याचा आग्रह धरतो, तेव्हा तो सरसकट कृतघ्न ठरत नाही. त्याच्यासाठी राखून ठेवलेली जागा हवेत आहे. त्याची किंमत तो जमिनीवर मागतो. वडिलांचा नकारही सरसकट हट्ट नसतो. हा संघर्ष न्याय्य बाजू असलेल्या दोघांमधला आहे, आणि म्हणूनच तो नाट्यवस्तू म्हणून अधिक समृद्ध आहे. मराठी रंगभूमीवर आणि कथासाहित्यात तो ठळकपणे आलेला दिसत नाही, याची नोंद घ्यावी लागते. वाडा पडताना पाहून हळहळणे सोपे असते. अपुऱ्या राहिलेल्या स्लॅबविषयी हळहळ वाटायला वेगळी दृष्टी लागते.

नारबा आणि म्हैस

नाटकांकडून यादवांच्या 'गोतावळा'कडे वळल्यास घराची कल्पनाच बदलते. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचा नायक नारबा घरमालक नाही. तो मळ्यातला गडी आहे. गाई-बैल, कुत्री, झाडे हाच त्याचा गोतावळा. मालक शेतीत यंत्र आणतो, जनावरांची गरज संपते आणि एकेक जनावर जाते. मळा तेथेच असतो, नारबाही काही काळ तेथेच असतो, पण त्याचे घर संपलेले असते. यंत्र आणि निसर्ग यांच्यातील संघर्ष म्हणून ही कादंबरी अभ्यासक्रमांत शिकवली जाते. ती घरहरणाची कादंबरी म्हणूनही वाचता येते. भिंती आणि छप्पर यांना हात न लावता माणसाला बेघर करता येते, हे यादवांनी येथे दाखवले आहे.

'झोंबी'तील घर तर उलट टोकाचे आहे. जागा थोडी आणि भावंडे पुष्कळ. घर लहान करण्याचा विचार ज्या सुबत्तेत सुचतो, ती सुबत्ताच तेथे नाही. दोन पिढ्यांत याच परिसरात घर मोठे आणि माणसे थोडी अशी अवस्था यावी, हा बदल एखाद्या समाजशास्त्रीय अहवालाइतकाच 'झोंबी'च्या वाचनातूनही जाणवतो. शिकलेल्या थोरल्या मुलाने कुटुंबाची घडी बसवण्याची धडपड पुढे ज्या खंडात येते, त्याला यादवांनी 'घरभिंती' हे नाव दिले, हेही सूचक आहे.

नारबाच्या अनुभवाचा संबंध आजच्या वृद्ध घरमालकाशी जोडता येतो, तो गोठ्याच्या द्वारे. कोल्हापूर जिल्ह्यात दूध संस्थांचे जाळे गावोगाव पोहोचलेले आहे. दोन म्हशी राखणाऱ्या साठीपुढच्या स्त्रीला दुधाचे जे बिल मिळते, ते अनेकदा तिच्या हातात येणारे एकमेव स्वतःचे उत्पन्न असते. मुलगा सदनिकेत चला म्हणतो तेव्हा हिशेबात दोन खोल्या, लिफ्ट, दवाखान्याचे अंतर येते. म्हैस येत नाही. सदनिकेत म्हैस नेता येत नाही ही बाब इतकी उघड आहे की ती कोणी बोलूनही दाखवत नाही. पण त्या दिवशी त्या स्त्रीचे उत्पन्न शून्य होते, आणि पहाटे उठण्याचे कारणही नाहीसे होते. घर आणि कामाची जागा एकच असलेल्या माणसासाठी घर लहान करणे म्हणजे नोकरी सोडणेच. निवृत्तिवेतन घेणाऱ्या शिक्षकाला किंवा बँक कर्मचाऱ्याला लागू होणारा सल्ला तिला जसाच्या तसा देता येत नाही.

दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण गावाकडच्या घराचे गौरवीकरण ही ग्रामीण साहित्याच्या समीक्षेची जुनी खोड आहे. उंच जोते, मागच्या परड्यातले संडास, पावसाळ्यात शेवाळलेली फरशी, गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढता न येणारा जिना, रात्री अपरात्री कोल्हापूरला दवाखान्यात न्यायचे तर वाहनाची शोधाशोध, या गोष्टी खऱ्या आहेत. पक्षाघात झालेल्या माणसासाठी तळमजल्यावरची, चाकाची खुर्ची जाईल अशी दोन खोल्यांची जागा चिरेबंदी वाड्याहून श्रेष्ठ आहे, आणि त्यात हळहळण्याजोगे काही नाही. शरीर थकल्यावर वास बदलावा. मुद्दा एवढाच की, वास बदलताना मालकीचा कागदही त्याच दिवशी बदलण्याची घाई का केली जाते?

कागदाचे घर

या घाईवर उपाय म्हणून २००७ मध्ये केंद्राने आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी कायदा केला. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास परत मागता येते; दाद उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे मागता येते. अटीचा उल्लेख आणि पुरावा आवश्यक आहे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२२ च्या निकालात घेतली होती. २ जानेवारी २०२५ च्या निकालात, हा कायदा कल्याणकारी असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे सांगून न्यायालयाने आईला तिची मिळकत परत मिळवून दिली. साहित्याच्या अभ्यासकाने येथे लक्षात घ्यावे असे काही आहे. बेलवलकरांना जी अट घालणे अपमानास्पद वाटले, ती अट हाच कायद्याच्या दृष्टीने वृद्धाचा आधार आहे. मराठी मध्यमवर्गीय संवेदनेला प्रेम आणि करार एकत्र नांदू शकतात हे मान्य होत नाही. कायदा मात्र ते गृहीत धरूनच चालतो.

घर न विकता त्यातून उत्पन्न मिळवण्याचा आणखी एक मार्ग, रिव्हर्स मॉर्टगेज, २००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाला. साठ वर्षांवरील व्यक्तीने स्वतःचे राहते घर बँकेकडे ठेवायचे, ठरावीक रक्कम घ्यायची आणि हयातभर तेथेच राहायचे. कल्पना सुबक आहे. पण ती स्वकष्टार्जित आणि निर्वेध घरासाठी आहे. गावठाणातील घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा बँकेच्या दृष्टीने मालकीचा पुरेसा पुरावा ठरत नाही, आणि वडिलोपार्जित घरावर एकट्याचा अधिकार नसतो. २०२० पासून स्वामित्व योजनेद्वारे ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. कागद आला म्हणजे गहाण ठेवणे सोपे होते, विकणेही सोपे होते, आणि विकण्यासाठी आग्रह धरणेही सोपे होते.

या सर्व व्यवहारांत विधवेचे स्थान सर्वांत नाजूक राहते. पती हयात असेपर्यंत घर राखावे की सोडावे हा दोघांचा प्रश्न असतो. त्याच्यानंतर वारसनोंद होते, आणि त्या पाठोपाठ हक्कसोडपत्राची भाषा सुरू होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला आणि मुलीला मृताच्या मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला. महाराष्ट्रातील १९९४ च्या आणि केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायाद केले. त्यामुळे मुलांना घर हवे असेल तर आईची आणि बहिणींची सही लागते. ती माहेर तुटू नये म्हणून दिली जाते, भावाच्या शब्दावर दिली जाते, पुष्कळदा दुःखाचे दिवस सरण्यापूर्वीच दिली जाते. आईने सही केली की तिचे घरातले राहणे मुलाच्या आणि सुनेच्या मर्जीवर येते. तिची बाज जुन्या रीतीनुसार परड्याकडे सरकतेच. आता तिच्या मागे उतारा नसतो.

'वाडा चिरेबंदी'तील प्रभेला दागिन्यांतून शिक्षण मिळवायचे होते आणि तिच्या वाट्याला काहीच आले नाही. वाड्याच्या वाटणीची चर्चा भावाभावांत होते. आईला आणि प्रभेला त्या चर्चेत कोणी बसवून घेत नाही. आज हेच नाटक कागल परिसरात घडले, तर भास्कर आणि सुधीर यांना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्या दोघींना बरोबर न्यावे लागेल, आणि कागद वाचून दाखवला जाईपर्यंत बाकावर त्यांच्या शेजारी बसावे लागेल.